भास्कराचार्यांचे घोडे आणि फर्माची रेघ

श्रोतेहो, आज आपल्यापुढे गणिताच्या इतिहासातली एक हकीकत सांगायची आहे. पण तिची सुरुवात मी एखाद्या जुन्या पोथीपासून न करता बाजाराच्या रस्त्यापासून करतो.

समजा, आपल्या गावात माल वाहणारा एक टेंपो आहे. एका शेतकऱ्याने आपला कांदा २० किलोमीटरवरच्या बाजारात नेला. त्याला भाडे पडले ९०० रुपये. दुसऱ्याने तोच टेंपो करून ५० किलोमीटरवरचा मोठा बाजार गाठला. त्याला पडले १,५०० रुपये. आता तिसऱ्याला ३५ किलोमीटरवर जायचे आहे. निघण्यापूर्वी त्याला अंदाज हवा, की बाबा, आपल्याला किती पडतील?

आपल्याकडे असा हिशेब आला की माणूस त्रैराशिक मांडतो. पिढ्यान्‌पिढ्या मांडत आला आहे. वीसला नऊशे, तर पस्तीसला किती? उत्तर येते १,५७५ रुपये. पण थांबा! पन्नास किलोमीटरला १,५०० आणि पस्तीसला १,५७५? कमी लांब जायचे आणि जास्त पैसे द्यायचे? बरे, दुसऱ्या पावतीवरून त्रैराशिक मांडावे, तर उत्तर येते १,०५० रुपये. पावत्या दोन्ही खऱ्या. गुणाकार-भागाकारही बरोबर. मग पस्तीस किलोमीटरला दोन भाडी आली कुठून?

हा प्रश्न मनात ठेवा. त्याचे उत्तर आपण शेवटी काढू. ते उत्तर काढण्याची रीत माणसाच्या हाती यायला हजार वर्षांहून अधिक काळ लागला, आणि त्या वाटेवरचा एक मोठा मुक्काम आपल्या सह्याद्रीच्या आसऱ्याला होता.

त्याआधी एक आठवण सांगतो. मी शाळेत असताना बीजगणिताच्या पहिल्या तासाला गुरुजींनी फळ्यावर लिहिले: ‘बाजू बदलली की चिन्ह बदलते.’ अधिकचे उणे, उण्याचे अधिक. आम्ही ते आरतीसारखे पाठ केले. माझ्या शेजारी बसणारा एक मुलगा मात्र उठून म्हणाला, “गुरुजी, का बदलतं?” गुरुजी म्हणाले, “नियम आहे म्हणून.” मुलगा खाली बसला. पुढे त्याने गणितात कधी प्रश्न विचारला नाही, आणि दोन वर्षांनी तो शाळेतच दिसेनासा झाला. गुरुजी काही वाईट नव्हते हो. त्यांनाही कुणी ते सांगितले नव्हते, एवढेच. पण त्या मुलाचा प्रश्न खरा होता, आणि त्याचे उत्तर कित्येक शतके आपल्याच देशात पडून होते.

आता त्या उत्तराकडे वळू. शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ साली, भास्कराचार्यांचा जन्म झाला. सह्याद्रीच्या आश्रयाला असलेले विज्जडविड हे आपले गाव, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणि’ हा ग्रंथ पुरा केला. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग मानतात. या ‘बीजगणिता’त घोड्यांचे एक उदाहरण आहे. मी ते आपल्या भाषेत सांगतो.

एका माणसाजवळ सहा घोडे आहेत आणि रोख ३०० रुपये आहेत. दुसऱ्याजवळ दहा घोडे आहेत, पण त्याच्यावर १०० रुपयांचे कर्ज आहे. सगळ्या घोड्यांची किंमत सारखी. आणि दोघांची एकूण मत्ताही सारखीच भरते. तर एका घोड्याची किंमत काय?

भास्कराचार्य हे कसे सोडवतात ते बघा. घोड्याची किंमत ठाऊक नाही, म्हणून तिला ते ‘यावत्तावत्‌’ म्हणतात, म्हणजे ‘जितके असेल तितके’. त्यातले पहिले अक्षर ‘या’ घेतात. रोख रकमेला ‘रूप’ म्हणतात आणि ‘रू’ लिहितात. मग दोन ओळी, एकीखाली एक. वर ‘या ६ रू ३००’. खाली ‘या १० रू १००’, आणि या शंभरावर एक टिंब. कारण ते कर्ज आहे, ऋण आहे. या दोन ओळींना ते ‘पक्ष’ म्हणतात. आज आपण मध्ये बरोबरीचे चिन्ह घालून एकाच ओळीत लिहितो. त्यांनी खाली-वर लिहिले. मजकूर तोच.

यापुढच्या कृतीला नाव आहे ‘समशोधन’. सम म्हणजे सारखे, शोधन म्हणजे काढून टाकणे. दोन्ही पक्षांतून सारखेच काढायचे, किंवा दोन्ही पक्षांत सारखेच घालायचे. दोघांची मत्ता आधी सारखी होती ना? मग दोघांना सारखेच दिले किंवा दोघांकडून सारखेच घेतले, तर ती सारखीच राहणार. यात कुणावर अन्याय नाही.

चला, करून पाहू. दोघांनाही शंभर-शंभर रुपये द्या. दुसऱ्याचे कर्ज फिटले. त्याच्याकडे उरले नुसते दहा घोडे. पहिल्याकडे झाले सहा घोडे आणि ४०० रुपये. आता दोघांच्याही दावणीतून सहा-सहा घोडे सोडून न्या. पहिल्याकडे उरले ४०० रुपये, दुसऱ्याकडे चार घोडे. दोन्ही सारखे. म्हणून एका घोड्याची किंमत १०० रुपये. ताळा पाहा: पहिल्याचे सहाशे आणि तीनशे मिळून ९००, दुसऱ्याचे हजारातून शंभर वजा जाता ९००. जमले.

आता त्या मुलाचा प्रश्न आठवा. चिन्ह का बदलते? तर खरे पाहता कुणीही बाजू बदललेली नाही! सहा घोडे काही नदी ओलांडून पलीकडे गेले नाहीत. ते दोन्ही दावणींतून सुटले. पहिल्या दावणीत एकही घोडा उरला नाही आणि दुसऱ्या दावणीत सहा कमी झाले. फळ्यावर फक्त शेवटचे दृश्य लिहिले, तर वाटते की डावीकडचे ‘अधिक सहा’ उजवीकडे जाऊन ‘उणे सहा’ झाले. ‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ हे त्या पूर्ण कृतीचे आखूड केलेले रूप आहे. आखूड वाट वाईट नाही. पण मूळ वाट ज्याला दाखवली नाही, तो आखूड वाटेवर हमखास चुकतो. कधी गुणकाचेही चिन्ह बदलतो, तर कधी भागायचे तिथे वजा करतो.

ही रीत भास्कराचार्यांच्याही आधीची. इ. स. ४९९ मध्ये रचलेल्या ‘आर्यभटीया’त आर्यभटांनी अशाच उदाहरणाची रीत एका श्लोकात दिली आहे. तिथे घोडे नाहीत, किंमत ठाऊक नसलेल्या वस्तू आहेत. त्यांना ते ‘गुलिका’ म्हणतात. पुढे इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तांनी ‘ब्राह्मस्फुटसिद्धांता’त नियम सांगितला. त्याचा भाव असा, की रूपांची वजाबाकी उलट क्रमाने करावी, आणि तिला अव्यक्तांच्या वजाबाकीने भागावे. घोड्यांना लावून पाहा. तीनशेतून ‘शंभरचे कर्ज’ वजा केले की चारशे. दहातून सहा गेले, चार. चारशेला चारने भागले, शंभर. कर्ज वजा करणे म्हणजे तेवढे धन मिळवणे, हे धन-ऋणाचे नियमही ब्रह्मगुप्तांनीच नेमके मांडून ठेवले होते. सावकाराच्या वहीतली भाषा त्यांनी गणितात आणली असे म्हटले तरी चालेल.

यानंतरची हकीकत बगदादची. इ. स. ८२० च्या सुमारास तिथे अल्‌-ख्वारिज्मी या पंडिताने समीकरणांवर अरबी भाषेत एक पुस्तक लिहिले. त्याच्या नावात दोन शब्द होते, ‘अल्‌-जब्र’ आणि ‘अल्‌-मुकाबला’. समीकरणात एका बाजूला काही उणे असेल, तर दोन्हीकडे तेवढे मिळवून ती तूट भरून काढणे म्हणजे जब्र. दोन्ही बाजूंना एकाच जातीच्या राशी असतील, तर त्या समोरासमोर काटून टाकणे म्हणजे मुकाबला. आपण घोड्यांच्या उदाहरणात आधी कर्ज फेडले, तो जब्र. मग सहा-सहा घोडे सोडले, तो मुकाबला. ‘जब्र’ या शब्दाचा मोडलेले हाड पुन्हा जागी बसवणे असाही अर्थ आहे, आणि याच शब्दावरून स्पेनमध्ये हाडवैद्याला नाव पडले होते. इंग्रजीत बीजगणिताला ‘अल्जिब्रा’ म्हणतात, तेही ‘अल्‌-जब्र’वरूनच.

युरोपात ही विद्या पोचल्यावर तिला चिन्हांचा पोशाख मिळाला. बरोबरीचे चिन्ह, त्या दोन आडव्या रेघा, इंग्लंडमध्ये रॉबर्ट रेकॉर्ड याने इ. स. १५५७ मध्ये छापली. दोन समांतर सारख्या रेघांइतके एकसारखे दुसरे काय असणार, असा त्याचा विचार होता. फ्रान्समध्ये व्हिएत याने इ. स. १५९१ मध्ये अज्ञात राशींना स्वर आणि ज्ञात राशींना व्यंजने वापरायला सुरुवात केली. त्यामुळे एक मोठी सोय झाली. ‘सहा घोडे’ असे एकच उदाहरण न राहता, ‘कितीही घोडे’ असा सगळ्या उदाहरणांचा साचा एकदम लिहिता येऊ लागला.

इथवर तुमच्या ध्यानात एक गोष्ट आली असेल. घोडे झाले, गुलिका झाल्या, कर्ज झाले. पण या सगळ्यात कुठे रेघ दिसली का? नाही. रेघा, त्रिकोण, वर्तुळे हा भूमितीचा गाव; संख्या आणि अज्ञात राशी हा बीजगणिताचा गाव. दोन्ही गावांत जाणेयेणे होते. ग्रीक पंडित आणि आपले आचार्य दोघेही भूमितीच्या उदाहरणांत हिशेब वापरीत. चौदाव्या शतकात फ्रान्समध्ये निकोल ओरेम याने वेळेच्या आडव्या रेघेवर वेगाच्या उभ्या रेघा काढून वेग कसा वाढतो याचे चित्रही काढले होते. पण ‘समीकरण म्हणजेच रेषा’ असे स्पष्टपणे कुणी म्हटले नव्हते. ते म्हटले एका सरकारी न्यायाधिकाऱ्याने.

त्याचे नाव पिएर द फर्मा. दक्षिण फ्रान्समधल्या तुलूज शहरी तो न्यायालयात अधिकारी होता. गणित हा त्याचा पोटाचा उद्योग नव्हता. दिवसभर दावे-फिर्यादी पाहायच्या आणि फुरसतीत गणित करायचे, असा त्याचा नेम. इ. स. १६३७ च्या सुमारास त्याचे एक लहानसे टिपण पॅरिसच्या पंडितांच्या हाती गेले. त्यात त्याने सांगितलेल्या सूत्राचा भाव असा, की एखाद्या समीकरणात दोन अज्ञात राशी उरल्या, तर एका राशीचे टोक सरकत सरकत एक रेषा काढते, मग ती सरळ असो वा वक्र. आणि समीकरण अगदी साधे असेल, म्हणजे अज्ञातांचे वर्ग, घन किंवा एकमेकांशी गुणाकार त्यात नसतील, तर ती रेषा सरळच असते.

हे शेताच्या बांधावर करून पाहता येते. शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे, की एकदा मुलांना घेऊन जा आणि करूनच दाखवा. सपाट जमिनीवर एक खुंटी ठोका आणि तिथून दोरी ताणून बांधा. खुंटीपासून एक पाऊल गेल्यावर एक वीत उंचीची काडी उभी रोवा. दोन पावलांवर दोन वितींची, तीन पावलांवर तीन वितींची. अशा सात-आठ काड्या झाल्या, की खुंटीजवळ डोके टेकवून काड्यांच्या टोकांकडे पाहा. सगळी टोके एका ओळीत! आता एक काडी मुद्दाम अर्धी वीत आखूड करा. लगेच ती ओळीतून खाली पडलेली दिसेल. पावले किती ही एक राशी, काडीची उंची ही दुसरी राशी, आणि ‘जितकी पावले तितक्या विती’ हे त्यांचे समीकरण. ते पाळले की टोके सरळ रेषेत येतात. मोडले की रेषा मोडते. फर्माचे म्हणणे हेच.

त्याच वर्षी, इ. स. १६३७ मध्ये, देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाची ‘भूमिती’ हॉलंडमधल्या लायडन शहरी छापली गेली. तीही याच वाटेने जाणारी होती. वर्णमालेतली शेवटची अक्षरे अज्ञातांसाठी आणि पहिली ज्ञातांसाठी ही जी पद्धत आज जगभर चालते, ती देकार्तची. आपण मराठीत पुष्कळदा ‘क्ष’ आणि ‘य’ घेतो. देकार्तचे पुस्तक छापले गेले. फर्माचे टिपण हस्तलिखितातच राहिले आणि त्याच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी, इ. स. १६७९ मध्ये, छापून आले. म्हणून या भूमितीला नाव पडले देकार्तचे. पण पहिल्या प्रतीचे समीकरण म्हणजे सरळ रेषा, हे स्वच्छ शब्दांत फर्माने मांडले होते, ही नोंद आपण ठेवावी. छतावरची माशी पाहून देकार्तला ही युक्ती सुचली, अशी गोष्ट मुलांना सांगतात. ती गोष्ट म्हणून ठीक, इतिहास म्हणून नव्हे.

आणखी एक गंमत. फर्माच्या त्या आकृतीत ऋण संख्यांना जागा नव्हती. त्याची रेघ खुंटीपासून एकाच अंगाला जाते. युरोपातले कित्येक पंडित त्या काळी ऋण संख्या पाहून बिचकत असत. आपल्याकडे मात्र कर्जाला ऋण म्हणून त्यावर टिंब देऊन कित्येक शतके हिशेब चालू होता. म्हणजे भास्कराचार्यांकडे धन-ऋणाची दोन्ही अंगे होती, पण रेघ नव्हती. फर्माकडे रेघ होती, पण ऋणाचे अंग नव्हते. पुढच्या पिढ्यांनी दोन्ही एकत्र केले, तेव्हा आजचा आलेख पुरा झाला.

तर आता आपणच भास्कराचार्यांचे घोडे फर्माच्या रेघेवर आणू. आपल्या अंगणातली ठिपक्यांची रांगोळी घ्या. तीच आपली चौकट. आडव्या ओळीत घोड्याची किंमत, उभ्या ओळीत माणसाची मत्ता. किंमत क्ष मानली, तर पहिल्याची मत्ता ‘य = ६क्ष + ३००’ आणि दुसऱ्याची ‘य = १०क्ष − १००’. घोडे फुकट असते, तर पहिल्याकडे ३०० रुपये आणि दुसरा १०० रुपयांनी देणेकरी, शून्याच्याही खाली. किंमत ५० असती, तर पहिल्याचे ६०० आणि दुसऱ्याचे ४००. किंमत १०० झाली, की दोघांचेही ९००. आणि किंमत १५० झाली, तर पहिल्याचे १,२०० आणि दुसऱ्याचे १,४००!

हे ठिपके जोडा. दोन सरळ रेघा तयार होतात आणि त्या एकाच ठिकाणी एकमेकींना छेदतात. तो ठिपका कोणता? आडवे १००, उभे ९००. समशोधनाने काढलेले उत्तर आता डोळ्यांना दिसते. शिवाय आणखीही काही कळते. किंमत शंभरच्या आत असेल, तर रोख रक्कमवाला वरचढ. शंभराच्या पुढे गेली, की जास्त घोडेवाला वरचढ. दुसरी रेघ अधिक उभी का? कारण त्याचे घोडे दहा. किंमत एका रुपयाने वाढली, की त्याची मत्ता दहा रुपयांनी वाढते, पहिल्याची सहाच रुपयांनी. या वाढीच्या दराला आपण रेषेचा ‘चढ’ म्हणतो. घाटाचा चढ म्हणतो, तसाच. आणि क्ष शून्य असताना रेघ जिथून निघते, ती झाली तिची सुरुवात: एकीची ३००, दुसरीची उणे १००. चढ आणि सुरुवात एवढ्या दोन गोष्टी कळल्या, की सगळी रेषा हातात आली. चढाला म आणि सुरुवातीला क म्हटले, तर ‘य = मक्ष + क’. एकोणिसाव्या शतकात टॉडहंटर या इंग्रज गणितज्ञाची पुस्तके हिंदुस्थानातल्या शाळा-कॉलेजांतून चालत असत. त्याच्या इ. स. १८५५ च्या पुस्तकात समीकरण याच रूपात आहे, आणि आपल्या मुलांच्या पुस्तकांत आजही ते तसेच असते.

चला तर, आता तिसऱ्या शेतकऱ्याकडे जाऊ. तो बिचारा अजून भाड्याचा अंदाज मागत उभा आहे.

आपल्याकडे दोन पावत्या आहेत. २० किलोमीटर, ९०० रुपये. ५० किलोमीटर, १,५०० रुपये. पावती म्हणजे एक ठिपका. दोन ठिपक्यांतून एकच सरळ रेषा जाते, हे तर युक्लिडच्या काळापासून ठाऊक आहे. आधी चढ काढू. अंतर वाढले ३० किलोमीटरने, भाडे वाढले ६०० रुपयांनी. सहाशेला तीसने भागले, २० रुपये. म्हणजे किलोमीटरमागे २० रुपये. आता सुरुवात. पहिल्या पावतीत वीस किलोमीटरचे २० रुपयांप्रमाणे ४०० झाले. घेतले मात्र ९००. वरचे ५०० कशाचे? ते टेंपो दाराशी उभा करण्याचे, भराई-उतराईचे, जे काही म्हणाल ते. गाडी एक किलोमीटर जावो की शंभर, ते द्यावेच लागतात. म्हणून समीकरण झाले: भाडे = २० × अंतर + ५००. पस्तीस किलोमीटरला सातशे आणि पाचशे, एकूण १,२०० रुपये.

आता कळले ना, त्रैराशिक कुठे घसरले? त्रैराशिकाची रेघ नेहमी शून्यातून निघते. आपल्या काड्यांची रेघ खुंटीतून निघाली होती, तशी. ‘अंतर नाही तर भाडे नाही’ असे असते, तर त्रैराशिक बरोबर होते. पण इथे रेघ पाचशेपासून निघते. त्रैराशिक खोटे नाही. ते सरळ रेषेच्या मोठ्या घरातली एक खोली आहे. सगळे घर म्हणजे तीच खोली, असे मानल्याने चूक झाली.

समीकरण उलटेही वाचता येते. चौथा शेतकरी म्हणतो, “माझ्याजवळ भाड्याला १,३०० रुपयेच आहेत. मी किती लांब जाऊ शकतो?” तिथे समशोधन करा. दोन्ही पक्षांतून ५०० काढा: एकीकडे ८००, दुसरीकडे २० × अंतर. दोन्ही पक्षांना वीसने भागा: अंतर ४० किलोमीटर. हीच कृती अक्षरांवर केली, तर अंतर = (भाडे − ५००) ÷ २०. समीकरण तेच, फक्त ज्याची गरज, त्याला एकटे उभे केले. मुलांना समीकरणांची फिरवाफिरव करायला सांगतात, ती यासाठी. उगाच परीक्षेसाठी नव्हे.

एक सावधगिरीही सांगतो. दोन ठिपक्यांतून रेषा नेहमीच जाते, मग मूळ व्यवहार सरळ रेषेचा असो वा नसो. म्हणून तिसरी पावती मिळाली, तर ती अवश्य ताडून पाहा. ३० किलोमीटरला १,१०० पडले असतील, तर ठिपका रेषेवर बसला. १,३०० पडले असतील, तर विचारा: दर बदलला का? घाटाचे जादा घेतले का? की बेरीज चुकली? ज्याला समीकरण येते, त्याला भांडण न करता प्रश्न विचारता येतो. आणि खेड्यातल्या माणसाला नेमका प्रश्न विचारता येणे ही काही लहान गोष्ट नाही.

शेवटी पुन्हा आपल्या मुलखात येऊ. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ, डोंगराच्या पायथ्याशी, पाटण नावाचे जुने ठिकाण आहे. तिथल्या देवीच्या देवळातला एक शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी इ. स. १८६५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यावरून कळते, की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने तेराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे मठ स्थापला होता, आणि तो कशासाठी? तर आजोबांचे ग्रंथ लोकांना शिकवले जावेत म्हणून. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे. पण मठाला कोणते उत्पन्न लावून दिले, ते शेवटी त्या काळच्या मराठीत लिहिले आहे. त्यात बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरच्या कराचा उल्लेख आहे, आणि चालू असलेल्या प्रत्येक तेलाच्या घाण्यामागे एकेक पळी तेल मठाला द्यावे, असेही आहे.

जितके घाणे, तितक्या पळ्या तेल! आपल्या बांधावरच्या काड्यांचेच समीकरण नाही का हे? त्या तेलावर मठातले दिवे जळत असतील, आणि त्या उजेडात कुणी विद्यार्थी घोड्यांचे उदाहरण सोडवत असेल. बाजारातल्या तेल्याने आणि व्यापाऱ्याने दिलेल्या वाट्यावर गणिताची शाळा चालत होती. म्हणून गणित त्या बाजाराला परके नव्हते, आणि आपल्यालाही परके असू नये.

भास्कराचार्यांनी एके ठिकाणी सांगितले आहे, की अक्षरे आणि खुणा म्हणजे बीज नव्हे. बुद्धी हेच खरे बीज. गुरुजनहो, उद्या वर्गात एखादे पोर उठून विचारील, “चिन्ह का बदलतं?” तेव्हा त्याला खाली बसवू नका. त्याला दोन दावणी दाखवा, आणि दोन्हींतून सहा-सहा घोडे त्याच्याच हातांनी सोडायला सांगा. मग त्याला बांधावर न्या आणि काड्या रोवायला लावा.